अवयवांच्या विक्रीला कायद्याने परवानगी द्यावी का? सीमाभागातील वाचकांचे मत हवे आहे

प्रश्न: मलप्रभाकाठ, खानापूर

सर्वांना नमस्कार. माझ्या थोरल्या काकांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या असून त्यांना आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार-चार तास, डायलिसिसवर राहावे लागते. काकूंची किडनी द्यायची मनापासून तयारी आहे, पण रक्तगट जुळत नाही. चुलतभावाला रक्तदाबाचा त्रास असल्याने डॉक्टरांनी त्याला दाता म्हणून नाकारले. डायलिसिससाठी बेळगावला जाणे-येणे सुरू असताना एका अनोळखी माणसाने चुलतभावाला बाजूला घेऊन, पैशाची तयारी ठेवल्यास दाता आणि कागदपत्रे दोन्ही मी बघतो, असे सांगितले. आम्ही त्याला तिथेच नकार दिला. मात्र त्यानंतर काकूंनी जे विचारले त्याचे उत्तर मला देता आले नाही. घेणाऱ्याचा जीव वाचतो, देणाऱ्याचे कर्ज फिटते आणि दोघेही राजी असतात, तर सरकारने मध्ये का यावे, असे त्यांचे म्हणणे होते.

मी थोडे वाचन केले. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने आपल्या देशात अवयवांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. २०११ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यासाठी पाच ते दहा वर्षे कारावास आणि २० लाख ते एक कोटी रुपये दंड अशी शिक्षा असून ती पैसे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखीच लागू होते. दुसऱ्या बाजूला, देशात दरवर्षी सुमारे दोन लाख लोकांना किडनीची गरज पडते असा अंदाज सांगितला जातो, आणि २०२३ मध्ये सर्व अवयव मिळून झालेली प्रत्यारोपणे होती सुमारे १८ हजार. इराणने मात्र १९८८ पासून मोबदला देऊन किडनी मिळवण्याची पद्धत सरकारी देखरेखीखाली सुरू ठेवली आहे.

मग आपल्याकडची बंदी गरिबांचे रक्षण करते, की हा व्यवहार फक्त अंधारात ढकलते? आपले मत कारणांसह आणि आपल्या भागातील परिस्थिती लक्षात घेऊन मांडावे, ही विनंती.

उत्तर: टिळकवाडीचा वकील

आपल्या काकूंनी विचारलेला प्रश्न अनेक मोठ्या विचारवंतांनीही विचारलेला आहे, आणि कठोर नियंत्रणाखाली परवानगी द्यावी असे माझे मत आहे. जॅनेट रॅडक्लिफ-रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात केलेला युक्तिवाद मला आजही खोडता आलेला नाही. त्यांचे म्हणणे असे की, ज्या माणसापुढे मुळातच मोजके पर्याय आहेत त्याच्यासाठी आपण त्यांतलाही एक बंद करतो, त्याची गरिबी मात्र जशीच्या तशी ठेवतो, आणि याला त्याचे संरक्षण म्हणतो. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर आणि हुलिओ एलियास यांनी तर २००७ मध्ये हिशेब मांडला होता की, अमेरिकेत एका किडनीसाठी सुमारे १५ हजार डॉलर दिले गेले, तर तिथला तुटवडा संपू शकेल.

मला खुला बाजार नको आहे, हे स्पष्ट करतो. माझ्या कल्पनेत खरेदीदार एकच असेल आणि तो म्हणजे सरकार. श्रीमंत रुग्णाला दात्याशी भाव करण्याची मुभा नसेल. मिळालेली किडनी प्रतीक्षा यादीतील क्रमाने आणि वैद्यकीय निकषांवर दिली जाईल. दात्याला एकरकमी रोख न देता आजन्म आरोग्य विमा, मासिक निवृत्तिवेतन आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च मिळेल. जोखमीचा विचार केला, तर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात किडनी देताना मृत्यू होण्याचे प्रमाण दर दहा हजारांमागे सुमारे तीन आढळले होते. याहून अधिक जोखमीची कामे आपण माणसांना मजुरी देऊन दररोज करू देतो, आणि तिथे कोणाच्या संमतीवर शंका घेत नाही.

एक उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. पुण्यातील एका नामांकित रुग्णालयात २०२२ मध्ये कोल्हापूरच्या एका महिलेला रुग्णाची पत्नी असल्याचे भासवून तिची किडनी घेण्यात आली होती. तिला १५ लाख रुपये कबूल केले होते आणि ते मिळाले नाहीत, म्हणून प्रकरण बाहेर आले. कायदा तिला गुन्हेगार मानतो, मग तिने दाद मागायची कोणाकडे? तिची फसवणूक करणाऱ्यांना हे पुरते ठाऊक असते. बंदीमुळे विक्री थांबत नाही, थांबते ती विकणाऱ्याची तक्रार.

उत्तर: निपाणीची कार्यकर्ती

वकीलसाहेब, आपली मांडणी प्रामाणिक आहे, आणि किडनी विकणाऱ्याला गुन्हेगार ठरवल्याने त्याचे तोंड बंद होते हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. त्याच्यावरची शिक्षा काढून ती फक्त दलाल, डॉक्टर आणि विकत घेणाऱ्यावर ठेवावी, असे मीही म्हणेन. पण त्यापुढे जाऊन विक्रीला मान्यता देण्याच्या मी ठाम विरोधात आहे. निपाणी आणि आसपासच्या गावांत बिडी वळणाऱ्या बायकांसोबत मी काम करते, आणि कर्ज घरात कसे शिरते व जाताना काय काय घेऊन जाते, हे जवळून पाहत आले आहे.

प्रथम ‘देणाऱ्याचे कर्ज फिटते’ या समजुतीबद्दल बोलू, कारण काकूंच्या प्रश्नाचा सारा भार तिच्यावरच आहे. चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ व्यक्तींचा एक अभ्यास २००२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांतील ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठीच किडनी विकली होती आणि त्यांच्या हाती सरासरी १,०७० डॉलर आले होते. शस्त्रक्रियेला सरासरी सहा वर्षे होऊन गेल्यावर काय दिसले? तीन-चतुर्थांश लोक अजून कर्जातच होते. कुटुंबांचे सरासरी उत्पन्न सुमारे एक-तृतीयांशाने घटले होते. ८६ टक्के लोक आपली तब्येत खालावल्याचे सांगत होते, आणि दुसऱ्या कोणाला किडनी विकावी असा सल्ला द्याल का, असे विचारल्यावर ७९ टक्के लोकांनी नाही असे उत्तर दिले होते. अंगमेहनतीवर जगणाऱ्या माणसाचे भांडवल त्याचे शरीरच असते, आणि विकली जाते ती त्याचीच एक बाजू. आपण दहा हजारांत तीन मृत्यूंचा जो आकडा दिला आहे, तो निरोगी, विमा असलेल्या आणि नीट तपासणी झालेल्या दात्यांचा आहे. दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असलेल्या विणकराला किंवा ऊसतोड मजुराला तो तसाच लावता येणार नाही.

रक्कम वाढवली तर चित्र बदलेल, असे आपण म्हणाल. त्यावर चेन्नईतलीच दुसरी नोंद सांगते. मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी तिथल्या वस्त्यांत फिरून लिहिले की, जिथे किडनी विकणे सर्रास होऊ लागले, तिथे सावकारांचा वसुलीचा तगादाही वाढला, कारण कर्जदाराकडे आणखी काहीतरी शिल्लक आहे हे त्यांना कळले होते. महाराष्ट्रात २०१५ च्या डिसेंबरात उघड झालेले अकोल्याचे प्रकरण याच वाटेने गेले होते. तिथेही कर्जदाराला किडनी विकायला लावण्यात सावकाराचा हात होता.

आता हे आमच्या गल्लीत आणून पाहा. मायक्रोफायनान्सचे कर्ज बहुतेक वेळा गटावर असते. एकीचा आठवड्याचा हप्ता चुकला की बाकीच्या बायकांना तो भरावा लागतो, म्हणून वसुलीला कंपनीचा माणूस येण्याआधी गटातल्याच बायका दारात येऊन बसतात. या जाचामुळे लोक गाव सोडून जाऊ लागले, तेव्हा कर्नाटक सरकारला फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला आणि त्यात दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद करावी लागली. अशा स्थितीत किडनीला सरकारमान्य किंमत मिळाली, तर दारात बसलेल्या बायकांना त्या किमतीची आठवण करून देण्यासाठी दलालाची गरज उरणार नाही. आज एखादी बाई ‘माझ्याकडे आता विकण्यासारखे काही उरले नाही’ असे म्हणू शकते आणि लोक ते मान्य करतात. तो आधार आपण काढून घेऊ. संमती तिचीच असेल, सहीही तिचीच असेल, पण ती सही कोणी करवून घेतली हे कोणत्याही समितीला दिसणार नाही.

राहिला सरकार हाच एकमेव खरेदीदार हा मुद्दा. आपण दोघेही सीमाभागात राहतो, म्हणून विचारते की, कोणते सरकार? महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ सीमाभागातील ८६५ गावांना देण्याचा निर्णय घेतला, तर कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. आजाऱ्याच्या उपचाराचे पैसे कोणी द्यायचे, यावर जिथे दोन राज्यांचे एकमत होत नाही, तिथे किडनी दिलेल्या मजुराची पुढची तीस-चाळीस वर्षे तपासणी आणि औषधपाणी कोण करणार? आज तो निपाणीत असेल, उद्या इचलकरंजीच्या यंत्रमागावर असेल, परवा गोव्यात बांधकामावर. आपण सुचवलेली आजन्म काळजी हीच तुमच्या योजनेतली सर्वांत चांगली गोष्ट आहे, आणि ती पाळली जाणार नाही, अशी मला खात्रीपूर्वक भीती आहे. किडनी मात्र पहिल्याच दिवशी गेलेली असेल.

उत्तर: कंग्राळीची लेक

मी माझ्या धाकट्या भावाला किडनी दिली आहे, म्हणून लिहिते. त्याबद्दल मला कधीही खंत वाटलेली नाही. भाऊ आज कामावर जातो, आणि ते पाहून जे वाटते त्याची किंमत करता येणार नाही. पण या चर्चेत दात्याच्या नंतरच्या आयुष्याबद्दल फार कमी बोलले जाते, आणि ते बोलायला हवे.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आमच्या घरी यंत्रमाग आहे. माझ्या वाटणीचे काम थांबले आणि मला सोबत करण्यासाठी यजमानांनाही काही काळ माग बंद ठेवावा लागला. भावाच्या उपचाराचा बराचसा खर्च योजनेतून झाला. माझ्या बुडालेल्या रोजगाराला मात्र कोणत्याही योजनेत जागा नव्हती. केंद्र सरकारने २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना अवयवदानासाठी ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मंजूर केली, ही चांगली गोष्ट आहे. परंतु देशात ज्यांना पगारी रजा हा प्रकारच माहीत नाही अशा दात्यांची संख्या कितीतरी मोठी असणार, आणि त्यांना त्या ४२ दिवसांचे काहीच मिळत नाही. दरवर्षी करायची रक्त-लघवीची तपासणी आणि रक्तदाबाची तपासणी मी माझ्या पैशाने करते. भावाला पुढच्या तपासणीच्या तारखेचा फोन येतो, मला येत नाही. एकच किडनी असलेल्या माणसाला तपासणीची गरज कमी असते का?

इस्राएलने २००८ च्या कायद्याने दात्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्याची व्यवस्था केली, आणि तिथेही अवयवाच्या विक्रीवर बंदी आहे. म्हणजे दात्याचे नुकसान भरून काढणे आणि त्याच्या अवयवाला किंमत लावणे या दोन गोष्टी कायद्याला वेगळ्या ठेवता येतात. मला माझ्या किडनीचे पैसे नको होते आणि नको आहेत. तिच्यापायी घराला लागलेली झळ तेवढी भरून निघायला हवी होती.

आणखी एक गोष्ट सांगते, जी घरात बोलली जात नाही. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे नोट्टोच्या नोंदींनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात अवयव मिळालेल्या दर पाच रुग्णांपैकी चार पुरुष होते. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांमध्ये मात्र बायकाच बहुसंख्य आहेत. मंजुरीच्या वेळी मला एकटीला बसवून ‘तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का’ असे विचारले गेले आणि त्याचे चित्रीकरणही झाले. माझ्यावर दबाव नव्हता, म्हणून मी तसे सांगू शकले. पण जिच्यावर असेल ती सासरची माणसे बाहेर बसलेली असताना काय सांगणार? आज प्रेमाच्या नावाने बाईकडे जे मागितले जाते, ते उद्या घराच्या कर्जासाठीही मागितले जाईल, आणि तेव्हा नाही म्हणणे आजच्यापेक्षा अवघड होईल. निपाणीच्या ताईंनी जे लिहिले आहे, ते मला म्हणूनच पटते.

उत्तर: टिळकवाडीचा वकील

ताई, आपला अनुभव आणि निपाणीच्या ताईंचे म्हणणे वाचल्यावर माझ्या मांडणीतला एक भाग मी सोडून देतो. गटकर्जाच्या दबावाखाली दिलेली संमती ओळखू शकेल अशी यंत्रणा मला सुचवता येत नाही, आणि ती सुचवता येईपर्यंत सरकारी खरेदीचा आग्रह धरणे योग्य होणार नाही. इराणमध्येही सरकारी रकमेच्या वरची रक्कम रुग्ण आणि दाता आपसांत ठरवतात आणि दाते बहुतांश गरीबच असतात, हे मला माहीत असूनही मी मघाशी लिहिले नव्हते.

मात्र विकणाऱ्यावरची फौजदारी शिक्षा रद्द झाली पाहिजे, यावर मी ठाम आहे. शिवाय विरोध करणाऱ्यांनीही एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. विक्री नको असे ठरवले, तर काकांसारखे जे रुग्ण आज डायलिसिसच्या खुर्चीत बसून आहेत, त्यांना अवयव कुठून मिळणार?

उत्तर: अतिदक्षता विभागातील परिचारिका, बेळगाव

वकीलसाहेबांच्या या शेवटच्या प्रश्नासाठी लिहीत आहे. अवयव मृत्यूनंतरच्या दानातून मिळू शकतात, आणि आपण ते दररोज जाळत आणि पुरत आहोत.

आकडे पाहा. २०२३ मध्ये झालेल्या सुमारे १८ हजार प्रत्यारोपणांपैकी १५ हजारांहून अधिक जिवंत दात्यांच्या बळावर झाली. मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांची संख्या त्या वर्षी प्रथमच एक हजाराच्या वर गेली. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण दहा लाखांमागे एकाहूनही कमी आहे, तर स्पेनमध्ये ते ४० च्या वर असते. स्पेनने किडनीला किंमत लावून हे साधलेले नाही. १९८९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था उभारली आणि रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत या कामासाठी प्रशिक्षित डॉक्टर नेमले. मेंदू मृत झालेला रुग्ण वेळेवर ओळखणे आणि त्याच्या कुटुंबाशी नीट बोलणे, ही त्यांची जबाबदारी असते.

आपला पुणे-बंगळूर महामार्ग निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर असा जातो. त्यावरच्या अपघातांतील डोक्याला मार लागलेले तरुण आमच्याकडे येतात, आणि त्यांतील काहींचा मेंदू मृत होतो. आपल्या कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या पथकाने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तसे प्रमाणित करायचे असते. त्यानंतर कुटुंबाला अवयवदानाबद्दल विचारणे २०११ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे. हे विचारणे ज्या प्रकारे होते, तिथेच बहुतेक वेळा सारे हातचे जाते. यंत्राच्या श्वासाने मुलाची छाती वर-खाली होत असते, अंग गरम असते आणि आईला सांगायचे असते की तो गेला आहे. एका प्रसंगी चंदगड भागातील मराठी कुटुंबापुढे ठेवलेले संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होते, आणि समजावून सांगणाऱ्यालाही मराठी नीट येत नव्हते. वडिलांनी सही केली नाही, आणि मी त्यांना मुळीच दोष देत नाही. जे वाचता येत नाही त्याच्यावर कोणी आपल्या मुलाचे शरीर देऊ नये. सीमाभागातील रुग्णालयांत हे अर्ज मराठीत ठेवणे आणि मराठी बोलणारा समन्वयक असणे, ही मागणी आपल्या संस्थांनी इतर कोणत्याही मागणीइतक्याच जोराने करायला हवी, असे मला वाटते. पाटीवरच्या भाषेसाठी आपण रस्त्यावर उतरलो आहोत. ही भाषा तर कोणाचा तरी जीव वाचवू शकते.

नातेवाइकांना दुसरी काळजी असते ती शवविच्छेदनाची. अपघाताचा मृत्यू म्हटला की पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन आले, आणि देह मिळायला उशीर होईल म्हणून लोक नाही म्हणतात. पूर्वी सूर्यास्तानंतर शवविच्छेदन होत नसे, पण केंद्राने २०२१ च्या नोव्हेंबरात अवयवदानाच्या प्रकरणांत ते रात्रीही करण्याची मुभा दिली. ही माहिती गावात पोहोचलेली नाही. धारवाडहून हृदय रस्त्याने बेळगावला आणून बसवल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. हृदय चार ते सहा तासांत बसवावे लागते, तरीही ते जमले. किडनीला तर याहून कितीतरी जास्त वेळ मिळतो. अंतर ही आपली अडचण नाही.

पैशाशिवाय लोक पुढे येणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी रक्ताचा इतिहास आठवावा. एके काळी आपल्या शहरांत पैसे घेऊन रक्त देणारे व्यावसायिक दाते असत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून तो व्यवसाय बंद झाला. आता रुग्णालये ओस पडतील, अशी भीती तेव्हा व्यक्त झाली होती. आज शिवजयंतीला आणि गणेशोत्सवात आपल्याकडच्या किती मंडळांची रक्तदान शिबिरे होतात, ते पाहा. पैसे घेऊन मिळणाऱ्या अवयवांत आजार लपवले जाण्याचा धोकाही तसाच असतो. मुंबईत किडनी विकत घेऊन परतलेल्या १३० आखाती रुग्णांवरील अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता, आणि त्यांतील काहींना एचआयव्हीची लागण झालेली आढळली होती. विकणाऱ्याला आजार लपवण्याचे कारण असते, बहिणीला नसते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: मलप्रभाकाठ, खानापूर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. हे सारे मी काकूंना वाचून दाखवले. चेन्नईच्या लोकांचे कर्ज फिटले नव्हते हे ऐकल्यावर त्यांनी तो विषय स्वतःहून सोडला. कंग्राळीच्या ताईंचे लिखाण मात्र त्यांनी दोनदा वाचायला लावले.

आता एक व्यवहाराचा प्रश्न आहे. काकांचे एक मावसभाऊ चंदगड तालुक्यात राहतात. दोघे लहानपणी आजोळी एकत्र वाढलेले आहेत. त्यांचा रक्तगट जुळतो आणि त्यांनी आपणहून किडनी देण्याची इच्छा व्यक्त केली आहे. पण मावसभाऊ कायद्याने जवळचा नातेवाईक धरला जात नाही आणि राज्यही वेगळे, म्हणून हे होणार नाही, असे आम्हाला कोणीतरी सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर: टिळकवाडीचा वकील

अर्धेच खरे आहे. कायद्याच्या व्याख्येत पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण आणि २०११ नंतर आजी-आजोबा व नातवंडे एवढेच जवळचे नातेवाईक धरले जातात. मामा, मावशी, आत्या, दीर, वहिनी, मावसभाऊ हे कोणीही त्यात येत नाहीत. मात्र प्रेम किंवा आपुलकीपोटी देणाऱ्या अशा दात्याला प्राधिकार समितीच्या मंजुरीने किडनी देता येते. ज्या रुग्णालयात वर्षाला २५ किंवा त्याहून अधिक प्रत्यारोपणे होतात, तिथे त्या रुग्णालयाचीच समिती असते. अन्यथा जिल्हा किंवा राज्य पातळीवरच्या समितीपुढे जावे लागते.

समितीला मुख्यतः एकच खात्री हवी असते की पैशाचा व्यवहार झालेला नाही आणि मध्ये दलाल नाही. त्यासाठी नाते दाखवणारी कागदपत्रे आणि दोघांची एकत्र असलेली जुनी छायाचित्रे जमवा. लग्नातली किंवा आजोळच्या जत्रेतली चालतील. दाता आणि रुग्ण या दोघांच्याही मागील तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. शेतकऱ्याकडे प्राप्तिकराचे विवरणपत्र नसते, म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा आधीच काढून ठेवा. दाता महाराष्ट्रातील असल्याने त्याच्या रहिवासाची पडताळणी तिकडच्या तहसीलदाराकडून करून आणावी लागेल. सीमाभागातील प्रकरणे याच कागदावर सर्वांत जास्त रखडतात, म्हणून चंदगडचे काम पहिल्यांदा हाती घ्या. नावाचे स्पेलिंग मराठी आणि कन्नड कागदांत वेगळे असेल, तर एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्रही सोबत जोडा.

दरम्यान दोन गोष्टी करून ठेवा. काकूंचा रक्तगट जुळत नसला तरी २०११ च्या दुरुस्तीने अदलाबदल प्रत्यारोपणाला मान्यता दिली आहे. अशीच अडचण असलेले दुसरे दांपत्य सापडले, तर काकूंची किडनी त्या रुग्णाला आणि त्या घरची काकांना देता येते, म्हणून समन्वयकाकडे त्यांचेही नाव नोंदवून ठेवा. दुसरे म्हणजे, कर्नाटकात अवयवांचे वाटप पाहणाऱ्या ‘जीवसार्थकते’ या सरकारी संस्थेच्या यादीत मृत दात्याच्या किडनीसाठी काकांची नोंदणी रुग्णालयामार्फत करून घ्या. केंद्राने २०२३ मध्ये रहिवासाची आणि ६५ वर्षे वयाची अट काढून टाकण्यास राज्यांना सांगितले आहे, त्यामुळे वयाचे कारण सांगून कोणी परत पाठवले, तर त्यांना लेखी उत्तर मागा.

समितीपुढे जाताना मावसभावाच्या पत्नीलाही सोबत न्या. दात्याच्या घरच्या जवळच्या व्यक्तीचीही मुलाखत घेण्याचा नियम आहे, आणि त्या बाईंना काय वाटते हे तिथे पोहोचण्याआधी आपण स्वतः, काकूंना बरोबर घेऊन, त्यांच्या घरी जाऊन विचारलेले बरे.